एका चार्जमध्ये, न थांबता

मैदानावर सगळे त्याला मखमल म्हणायचे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच पडून राहिलं. मखमल हे नाव मिळालं होतं त्याच्या उजव्या पायाला, आणि पायावरून ते अख्ख्या माणसाला चिकटलं.

काम काय, तर विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या विकायला जायच्या आधी या मैदानावर यायच्या आणि एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाते ते इथे बघितलं जायचं. आता बघितलं जायचं म्हणजे तुम्हाला वाटेल मोठमोठी यंत्रं असतील, पांढऱ्या कोटातली माणसं असतील. कसलं काय. होती थोडीफार यंत्रं, पण शेवटी कोणीतरी गाडीत बसायचं आणि ती मान टाकेपर्यंत गोल रस्त्यावर फिरवत राहायचं. सकाळी बसला की बसला. पाठीचा काटा ढिला झाला तरी उतरायचं नाही. या कामाला माणसं मिळतात, नाही असं नाही, पण बहुतेकांचा पाय जड असतो. हा मात्र पॅडलवर पाय असा टेकवायचा की गाडीला पत्ता लागू नये. ब्रेकचं तर त्याला वावडंच होतं. वळण दिसलं की कितीतरी आधी पाय उचलायचा आणि गाडीला तिच्या मनाने हळू होऊ द्यायचा. हीटर बंद, काचा बंद, टायर दगडासारखे टणक. वजन कमी व्हावं म्हणून हा खिशातली चिल्लर काढून ठेवतो आणि दाढी करून येतो, अशी बाकीचे त्याची टर उडवायचे. पण जी गाडी साडेतीनशे किलोमीटर न्यायला इतरांना घाम फुटायचा, तीच हा चारशेच्या पलीकडे न्यायचा. म्हणून जाहिरातीत छापायचा आकडा याच्याच पायाने काढायचा, असा तिथे रिवाज पडून गेला होता.

तिथला एक नियम होता, थांबायचं नाही. धाव मध्येच थांबली की बाद. मग ती कितीही चांगली चाललेली असो, सगळं मुसळ केरात. दुसरी सवय मखमलची स्वतःची. बॅटरीचे शेवटचे दहा-बारा टक्के तो हिशेबात धरायचाच नाही. तळाशी आकडा लबाडी करतो, दाखवतो एक आणि असतं दुसरंच, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो सगळी धाव अशी चालवायचा की ते टक्के नाहीतच. हातचं राखून चालवायचं, आणि शेवटी जे फेरे मिळतील ते वरकड. वीसेक वर्षं हेच केल्यावर माणूस कसा होणार, सांगा. बाजारात भाजी घ्यायला गेला तरी हा चढावर हळू आणि उतारावर पाय सोडून चालायचा.

त्याला एक बहीण होती, सहा वर्षांनी मोठी. ताई डोंगरातल्या एका लहान गावात राहायची. भाऊजींचं तिथे शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. भाऊजी म्हणजे तोंडाचे फटकळ आणि मनाचे लोणी. मेहुण्याची चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. ताईचं मात्र भावाबद्दल एकच मत होतं, आणि ते म्हणजे त्याला सगळं कळतं. लहानपणी याला हात धरून शाळेत नेणारी ती, पण गाडीचा विषय निघाला की याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तीन वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "विजेची गाडी घेऊ का रे?"

"डोळे मिटून घे," हा म्हणाला होता. "मी स्वतः चालवलीय ती. एका चार्जमध्ये चारशे बारा."

"मेहुणे, ते चारशे बारा तुमच्या पायाला," भाऊजी मागून ओरडले होते. "आमच्या हिच्या पायाखाली मुंगीसुद्धा जिवंत राहत नाही."

पण ताईने मनावर घेतलं. सुट्टीत हा गेला की दोघं गाडी घेऊन घाटात जायची आणि हा तिला पाय कसा उचलायचा, उतारावर गाडीलाच बॅटरी कशी भरू द्यायची ते शिकवायचा. ती शिकलीही, अगदी गुणी पोरीसारखी. रोज ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नकोस, बॅटरी दीर्घकाळ टिकते, असं याने सांगितलं तर तिने तीन वर्षांत एकदाही ऐंशीची रेघ ओलांडली नाही. आपण असं मानतो का कोणाचं? ताई मानायची.

मग भाऊजींच्या दोन्ही किडन्या गेल्या. हळूहळू गेल्या, पण गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, एवढंच आयुष्य उरलं. मशीनला जोडायला हाताची शीर लागते. एका हाताची शीर बसली, मग दुसऱ्या हाताची बसली, आणि शेवटी डॉक्टरांनी मानेतून नळी घातली. ही नळी फार दिवस चालणार नाही, आता कोणाची तरी किडनी मिळायला हवी, असं त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. ताईने स्वतःची देऊ केली, ती जुळली नाही. मखमलची जुळली नाही. भाऊजींचा रक्तगट असा की लाखात एखादा. दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नाव घालून ठेवलं होतं आणि ताई फोन उशाशी घेऊन झोपायची.

तो फोन थंडीतल्या एका सकाळी आला. मखमल तेव्हा मैदानावर टायरची हवा बघत होता. ताईचा आवाज इतका बारीक येत होता की त्याला आधी कोणी दुसरंच बोलतंय असं वाटलं.

"अरे, किडनी मिळालीय. जुळतेय म्हणतात. दुपारी तीनच्या आत पोचा म्हणाले. तीनपर्यंत आलो नाही तर पुढच्या माणसाला देणार, तो तिथे शहरातच राहतो, त्यालाही बोलावून ठेवलंय."

"गाडीत चार्ज किती?"

"ऐंशी. तूच सांगितलंयस ना."

याने मनात हिशेब मांडला. दवाखाना दोनशे नव्वद किलोमीटरवर. मध्ये घाट, घाटात धुकं, आणि थंडीत बॅटरी तशीही आखडते. गावातली एकुलती रुग्णवाहिका कोणाला तरी घेऊन गेलेली, आणि भाड्याची गाडी खालच्या गावातून यायची म्हणजे तासभर गेलाच. हा स्वतः मैदानावर, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला दोन तासांवर. निघून समोर जाणार तरी कुठे आणि कसा? पण तिची गाडी त्याने हौसेने मैदानावरच्या पडद्याला जोडून ठेवली होती. तिचा वेग, तिचे टक्के, सगळं त्याला इथे बसून दिसायचं.

"निघ तू," तो म्हणाला. "मी फोनवर आहे. मी सांगतो तशी चालव. पोचवतो तुम्हाला."

"तू आहेस म्हटल्यावर मला काही नाही वाटत," ताई म्हणाली. आणि खरंच तिचा आवाज जरा जाड झाला.

मैदानावर आकडे सांभाळणारी एक बाई होती, तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. तिने पडद्यावर ताईची गाडी मोठी करून दिली आणि खुर्ची पुढे ओढली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाकीचे चालक आले, साहेब आले. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले.

घाट ताईने सुरेख उतरवला. धुक्यात पुढचं झाड दिसत नव्हतं म्हणे, पण हा कानात सांगत होता, पाय सोड, गाडीला जाऊ दे, आता जरासा टेकव, पुन्हा सोड. हीटर त्याने पहिल्या वळणालाच बंद करायला लावला होता. भाऊजी मागच्या सीटवर दोन रजयांत गुंडाळून बसले होते.

"मेहुणे," स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "मला किडनी बसवायची आहे, मला गोठवून पाठवायचं नाहीये."

सगळे हसले. मखमलही हसला. घाट संपला तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होते. अख्खा घाट उतरून दोन टक्के. एक चालक हळूच शीळ वाजवून म्हणाला, बहीण शोभते हो तुझी. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी या माणसाची छाती फुगली. भाऊजींचा जीव टांगणीला लागलेला होता हे तो विसरला नव्हता, देवाशपथ विसरला नव्हता, पण वीस वर्षांची सवय म्हणतात ती हीच. आकडा चांगला दिसला की त्याला बरं वाटायचं, त्याला तो तरी काय करणार?

"आता सरळ रस्ता आहे," तो म्हणाला. "साठवर ठेव. साठच्या वर काटा जाऊ देऊ नकोस. वेगाने वारा कापायला लागला की बॅटरी पाण्यासारखी जाते."

"साठ," ताई म्हणाली.

आकडेबाई मघापासून कागदावर काहीतरी करत होती. ती म्हणाली, "साठने गेली तर तीनला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना पोचेल."

"म्हणजे वेळेत."

"वेळेत, पण अगदी काठावर. निम्म्या वाटेवर हॉटेलपाशी मोठा चार्जर आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटं लावू दे की. मग हीटर लावून, नव्वदने दाबून जाऊ दे. उलट लवकर पोचेल."

गणित बरोबर होतं. मखमललाही ते कळत होतं, तो काही अडाणी नव्हता. पण थांबायचं म्हटल्यावर त्याच्या अंगातलं काहीतरी आडवं आलं. एवढी सुंदर धाव, घाटातून दोन टक्क्यांत उतरलेली, आणि ती मध्येच थांबवायची? हे त्याने मनात अशा शब्दांत म्हटलं नाही. त्याने जे म्हटलं ते फार शहाणपणाचं होतं.

"तिथे रांग असली तर? चार्जर बंद पडलेला असला तर? गेला अर्धा तास मातीत."

"पडद्यावर तर मोकळा दिसतोय."

"दिसतोय. असेलच असं कुठंय? एका चार्जमध्ये होतंय ना, मग कशाला नसती जोखीम?"

आकडेबाईने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, त्याची बहीण आहे, त्याला ठरवू दे. आणि तसं बघितलं तर या विषयात मखमलच्या पुढे बोलणार कोण? वीस वर्षांत त्याचा अंदाज चुकलेला कोणी बघितला नव्हता.

हॉटेल आलं आणि गेलं. ताईने विचारलं, "इथे चार्जर आहे बघ, थांबू का?" हा म्हणाला, "नको, छान चाललंय." ती बरं म्हणाली आणि साठने पुढे गेली. मोठमोठे मालट्रक तिला भोंगे वाजवत ओलांडून जात होते. एका पिकअपवाल्याने काच खाली करून तिला काहीतरी ऐकवलं, ते ताईने फोनवर सांगायचं टाळलं. मध्ये मध्ये फोन तुटायचा, मग पुन्हा लागायचा. भाऊजींचा आवाज आता येत नव्हता. झोपले का, असं याने एकदा विचारलं, तर ताई म्हणाली, नाही, बाहेर बघतायत.

साहेबांनी चहा मागवला. पडद्यावरचा आकडा असा उतरत होता की शाळेत फळ्यावर लावावा. चाळीस, तीस, पंचवीस. कुठे धक्का नाही, कुठे उडी नाही. मखमल डोळ्यांत तेल घालून बघत होता. मध्येच आकडेबाई पुन्हा म्हणाली, "बॅटरी उरेल असं दिसतंय. पाऊणशेवर तरी घेऊ दे आता. वेळ फार कमी आहे."

"शेवटचे टक्के लबाड असतात," तो म्हणाला. "गाडी हायवेवर मेली तर काय करशील? टप्प्यात आलंय, आता घाई नको."

असं म्हणाला तो. घाई नको.

शहराची हद्द लागली तेव्हा अडीच वाजून गेले होते. आणि तिथे रस्ता खणलेला होता. पाण्याचा कसला तरी मोठा नळ टाकत होते, चार पदरी रस्त्यावर एकच रांग चालू ठेवली होती, आणि त्या रांगेत बस, ट्रक, शाळेच्या गाड्या, सगळं एकमेकांच्या मागे चिकटून उभं होतं. ताईची गाडी त्यात शिरली आणि थांबली. हाताने ढकलल्यासारखी दोन हात पुढे जायची आणि पुन्हा थांबायची.

विजेच्या गाडीचं एक असतं. ती उभी राहिली की तिला काही लागत नाही. पडद्यावरचा वेग शून्य झाला आणि टक्के होते तिथेच राहिले. बारा. मिनिटं जात होती आणि ते बारा काही हलत नव्हते. एक-दोन चालक काम असल्यासारखे बाहेर गेले. मखमल त्या आकड्याकडे बघत होता. त्याला एकदम स्वच्छ दिसलं की हे बारा टक्के म्हणजे काय आहेत. घाट उतरल्यापासून शहरापर्यंत थोडं थोडं पॅडल दाबलं असतं तर हे टक्के रस्त्यावर गेले असते, आणि ताई या रांगेच्या आधी, रस्ता मोकळा असताना इथून निघून गेली असती. हॉटेलपाशी थांबली असती तर केव्हाच पोचली असती. त्याने बॅटरीत हातचं राखलं होतं आणि घड्याळात काहीच राखलं नव्हतं. वीस वर्षं त्याला घड्याळाशी कधी देणंघेणंच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "आता दाब."

"कुठे दाबू रे? पुढे बस आहे."

त्याने दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही थोडं थांबू, पण काढलेली किडनी थांबत नाही. त्यांनी पंचवीस मिनिटं वाट बघितली. खरं म्हणजे तेवढीही बघायची नसते. मग त्यांनी याला फोन करून सांगितलं की दुसऱ्या पेशंटला आत घेतलंय. ताई त्यानंतर थोड्या वेळाने फाटकातून आत शिरली. तिला कोणी हे सांगितलं नव्हतं. ती भाऊजींना धरून धरून जिन्याकडे नेत होती तेव्हा एका परिचारिकेने सांगितलं.

मखमल साहेबांची गाडी घेऊन निघाला. त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पॅडल तळाला लावलं. हीटर चालू, काच अर्धी उघडी, वळणावर कचकचून ब्रेक. रस्त्यात दिसेल त्याला मागे टाकत तो गेला, आणि दोन तासांची वाट सव्वा तासात संपवली. कोणासाठी, ते देव जाणे. आता तिकडे कोणालाच घाई नव्हती.

भाऊजींना एका खोलीत ठेवलं होतं. प्रवासाने दमले म्हणून मशीन लावलं होतं, मानेतल्या नळीतून रक्त जात होतं आणि परत येत होतं. खिडकीतून अजून ऊन येत होतं. ताई चहा आणायला खाली गेली होती. हा दारातच उभा राहिला. आत जायला त्याचा पाय उचलेना.

"या मेहुणे," भाऊजी म्हणाले. "बसा. पायाला विश्रांती द्या."

तो स्टुलावर बसला.

"किती उरली होती?" भाऊजींनी विचारलं.

"अकरा टक्के."

"मला वाटलंच. मागच्या सीटवरून सगळं दिसतं. टक्के पण दिसतात आणि घड्याळ पण."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. मध्ये तुमचा फोन तुटला होता तेव्हा बोललो. म्हटलं, अगं, जरा दाब, वेळ बघ किती झाली. ती म्हणाली, तो सांगेल तेव्हा दाबीन." ते जरा थांबले. दम लागत होता. "पुन्हा एकदा म्हटलं. तर रडकुंडीला आली. म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, त्याला कळतं, तुम्ही माझं लक्ष उडवू नका. मग मी मूग गिळून बसलो. माझाच जीव, पण गाडी तुम्हा दोघांची होती."

"भाऊजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला हॉटेलपाशी थांबवता आलं असतं तिला. मला सांगत होते तिथे. मी ऐकलं नाही."

"चुकलं," भाऊजी म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि चिडलेही नाहीत. एखाद्या यंत्रात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी ते म्हटलं. "आता माझं एक ऐका. हिला हे सांगू नका."

"मी सांगणार आहे. तिला कळायला हवं."

"कशाला? तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून?" भाऊजींनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण नळीमुळे ती वळली नाही. ते छताकडे बघूनच बोलले. "डॉक्टर मघाशी येऊन गेले. ही नळी फार तर महिना, दीड महिना. पुन्हा फोन यायचा नाही, मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी गेल्यावर हिला कोण आहे? तुम्हीच ना? तुमच्याकडे बघून जगायचंय तिला. आणि तिला जर कळलं की पाय तिचाच होता, दाबला असता तर... मग ती तुम्हालाही मुकेल आणि स्वतःलाही. तेवढं नका करू."

आपल्याला रागावतील, शिव्या देतील, तोंड बघायचं नाही म्हणतील, असं काय काय ठरवून मखमल आला होता. त्यातलं काही झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने भाऊजींच्या हातावर हात ठेवला. तो हात अजून गार होता.

ताई दारातून आली, दोन हातांत तीन कप धरून. भावाला बघितल्यावर तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने कप खिडकीत ठेवले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. मग पदराने तोंड पुसून नीट बसली.

"अरे, खाली त्या दुसऱ्या पेशंटची बायको भेटली," ती म्हणाली. "बिचारी घाबरून बसलीय बाकावर. तिला मी सांगितलं, आमचं नशीब नव्हतं, तुमचं तरी होऊ दे. आणि तुझंही सांगितलं. म्हटलं, माझ्या भावाने तिथे बसून आम्हाला घाटातून आणलं, एका चार्जमध्ये, न थांबता. वर अकरा टक्के उरले म्हटलं. तिचा विश्वासच बसेना."

तो चहाच्या कपाकडे बघत राहिला.

"रस्ता खणला नसता ना," ताई म्हणाली, "तर पोचलोच होतो रे आपण. हो की नाही?"

भाऊजी छताकडे बघत होते. मशीनवरचा छोटा दिवा लागत होता आणि विझत होता.

"हो," तो म्हणाला. "पोचलोच होतो."

"आता आलं लक्षात कसं करायचं ते. पुन्हा फोन आला की असंच करू आपण. रस्ता तेवढा आधी विचारून घेऊ. तू असाच फोनवर राहशील ना?"

"राहीन, ताई," तो म्हणाला.

तिने एक कप उचलून त्याच्या हातात दिला आणि चहा निवायच्या आत पी म्हणाली.